कोंबडीच्या पायात दार

आमच्या घरात दोन विहिणी राहतात. एक माझी आई आणि दुसरी माझ्या पत्नीची आई. आई खानापूर तालुक्यातली. तिचं सगळं आयुष्य मराठीत गेलं. कन्नड तिला बाजारापुरतं येतं. 'एष्टु', 'बेड', 'साकु' एवढ्या भांडवलावर तिने चाळीस वर्षं भाजी घेतली आणि कधी फसली नाही. सासूबाई बैलहोंगलकडच्या. त्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणतो. त्यांचं मराठी 'बसा', 'जेवा', 'बरं हाय' इथे संपतं. अव्वांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बेळगावात झालं, तेव्हापासून त्या आमच्याकडेच आहेत. येताना त्यांनी एक पिशवी, एक वळकटी आणि झाकणाच्या बुट्टीतून एक तांबडी जवारी कोंबडी आणली.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. भाषा माणसांना कशी जोडते, यावर वर्षातून दोन-तीनदा तरी माझं व्याख्यान होतं. म्हणूनच पुढची हकिकत सांगताना थोडा संकोच वाटतो. पण वाचकहो, तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात मराठी-कन्नडचा असाच संसार आहे. म्हणून सांगतोच.

गेल्या हिवाळ्यात मी, पत्नी आणि चिरंजीव असे तिघे लग्नासाठी सोलापूरला गेलो. शुक्रवारी सकाळी निघालो, सोमवारी दुपारी परतलो. मधले तीन दिवस घरात दोन विहिणी आणि एक कोंबडी. फोन केला की आई म्हणे, "सगळं बरं आहे." अव्वा म्हणत, "एल्ला छलो ऐती." दोन भाषांतून एकच खुशाली मिळाल्यावर आम्हीही निश्चिंत होतो.

सोमवारी घरी आलो, तर घरात शुकशुकाट. आई स्वयंपाकघरात, अव्वा मागच्या खोलीत. अव्वांची पिशवी भरून भिंतीला टेकवलेली होती. पत्नीने विचारलं तर म्हणाल्या, "गावाला जाते. किती दिवस लेकीच्या घरी राहायचं?" आईला विचारलं तर ती म्हणाली, "मी कुणाला जा म्हटलेलं नाही. पण उगाच आळ घेतला तर मीही ऐकून घेणार नाही."

कसला आळ, ते ती सांगेना. एवढ्यात मुलाने परसातून हाक मारली, "बाबा, तांबडी उठेना झालीय."

तांबडी तुळशीकट्ट्याच्या आडोशाला बसली होती. पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले. उजव्या पायाला हळदीने पिवळी झालेली चिंधी घट्ट गुंडाळलेली. पत्नीने तिला पदरात घेऊन चिंधी हळूहळू सोडवली. तेल-हळदीचा थर कोमट पाण्याने धुतला, तेव्हा खालचा पाय दिसला. मधलं बोट काळंनिळं पडलेलं, शेजारचं सुजून टम्म झालेलं. दोन्ही बोटांच्या मुळाशी मांसात रुतून बसलेला, केसासारखा बारीक, पांढरा धागा.

पत्नी ओरडली, "अव्वा, दार हंगं ऐती!" म्हणजे दोरा तसाच आहे.

अव्वा लगबगीने बाहेर आल्या. आईही आली. मग दोघी एकदम बोलू लागल्या, एक कन्नडमध्ये, एक मराठीत. पत्नी मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होती. दहा मिनिटांत तीन दिवसांचा उलगडा झाला.

झालं होतं ते असं. शनिवारी सकाळी अव्वांनी कोंबडीला लंगडताना पाहिलं. उचलून पायावरून बोटं फिरवली, तर दोरा लागला. डोळ्यात औषध घातलेलं, वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. तो बारीक दोरा त्यांना स्वतःला काढता येणार नव्हता. म्हणून त्यांनी आईला हाक मारली आणि सांगितलं, "कोळी कालाग दार सुत्तैती, नोड्री." कोंबडीच्या पायात दोरा गुंडाळलाय, बघा.

आता हेच वाक्य खानापूरच्या कानांनी ऐका. कोळी म्हणजे कोंबडी, एवढं आईला बाजारामुळे ठाऊक. पुढे 'काल' आणि 'दार'. कन्नडमध्ये कालु म्हणजे पाय आणि दार म्हणजे दोरा. मराठीत काल म्हणजे काल आणि दार म्हणजे दार! आईने अर्थ लावला: कोंबडी, काल, दार. काल दार लागून कोंबडीचा पाय चिरडला. आणि आदल्या रात्री परसाचं दार आईनेच लावलं होतं. ते दार पावसाळ्यापासून फुगलेलं आहे, आपटल्याशिवाय बसत नाही. म्हणजे विहीणबाई थेट आपल्यावरच ठपका ठेवतायत!

"मी काय मुद्दाम आपटलं होय?" असं म्हणून आई आत निघून गेली.

अव्वांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की आपण मदत मागितली आणि विहीणबाई पाठ फिरवून गेल्या. आपली कोंबडी या घरात जड झाली, आणि कोंबडीबरोबर आपणही.

आईचं मन मात्र तिला खात होतं. अव्वा झोपल्यावर दुपारी तिने कोंबडीला धरलं. दारात सापडलेल्या पायाला आपण जे करतो तेच केलं. तेल-हळदीचा लेप लावून वर चिंधी घट्ट बांधली. धागा लेपाखाली गेला. संध्याकाळी अव्वांना चिंधी दिसली. त्यांना वाटलं, दोरा काढून औषध लावलं असणार. पण मग विहीणबाई बोलत का नाहीत? दोघींनी मनातलं मनात ठेवलं आणि आम्हाला फोनवर खुशाली कळवली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, म्हणतात. इथे कोंबडीचा पाय झाकला होता, आणि आत तीन दिवस तो धागा आपलं काम करत होता.

सगळं कळल्यावर आई पायरीवर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे त्या मला दाराबद्दल बोलतच नव्हत्या?"

कुणी काही बोललं नाही. ती उठली, चपला घातल्या आणि मला म्हणाली, "स्कूटर काढ. मी येते दवाखान्यात."

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्या दिवशी दोन म्हशी, चार-पाच शेळ्या आणि एक कुत्रा होता. मांडीवर बुट्टी घेऊन बसलेल्या आईकडे पाहून एकजण हसत म्हणाला, "आजी, एवढ्या खटाटोपापेक्षा रस्सा केला असता की!" एरवी आईने त्याला सडेतोड उत्तर दिलं असतं. त्या दिवशी तिने बुट्टीवरचा कपडा नीट केला, एवढंच.

आमचा नंबर आला. डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं, "एनागैती?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "कालाग दार."

अचूक. व्याकरणासकट. दोन दिवसांपूर्वी हेच दोन शब्द तिला कळले असते तर दवाखान्यात यायची वेळच आली नसती. तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं.

डॉक्टरांनी मदतनिसाला कोंबडी धरायला सांगितली. पाय धुऊन मऊ केला आणि बोथट टोकाच्या बारीक आकड्याने धागा उचलून एकेक वेढा कात्रीने तोडला. तीन वेढे निघाले. हे चालू असताना त्यांनी समजावून सांगितलं, ते सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. बोटाला धागा आवळला की आधी परत फिरणारं रक्त अडतं, म्हणून बोट सुजतं. बोट सुजलं की तोच धागा आणखी आवळतो आणि आत रुततो. शेवटी बोटाकडे जाणारं रक्तही थांबतं. मग पुढचा भाग थंड पडतो, काळा होतो, वाळतो. कोंबडी चालते, दोरा आणखी ओढला जातो. शनिवारी सकाळी काढला असता तर दोन्ही बोटं वाचली असती. आता शेजारचं बोट अजून गरम होतं, ते वाचणार होतं. मधल्या बोटाचा पुढचा भाग गेल्यातच जमा होता.

"कापायचं?" मी विचारलं.

"घाई नको," ते म्हणाले. "मेलेला आणि जिवंत भाग यांच्यात आपोआप सीमा पडू दे. भाग कोरडा राहिला तर तो स्वतःच गळून पडेल. ओला झाला, वास आला, सूज वर चढली तर लगेच घेऊन या, मग बघू." सीमेचा प्रश्न घाई न करता सुटतो, हे आम्हा बेळगावकरांना एका डॉक्टरांनी सांगावं, याची मला गंमत वाटली. पण ती वेळ बोलायची नव्हती.

त्यांनी प्रतिजैविकाचं औषध वजन बघून दिलं. ते चालू असेपर्यंत आणि नंतरही त्यांनी सांगितलेले दिवस उलटेपर्यंत तांबडीची अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत, कारण औषधाचा अंश अंड्यात उतरतो. हे पुष्कळांना माहीत नसतं. माणसांसाठी आणलेल्या उरल्यासुरल्या गोळ्या कोंबडीला चारू नका, हेही त्यांनी बजावलं. वेदना कमी करणारी औषधं तर नाहीच. एवढ्याशा जिवाला मात्रा चुकली की पायाऐवजी जीव जातो.

त्या दिवसापासून आमच्या घरी रोज सकाळी नऊ वाजता ड्रेसिंगचा कार्यक्रम सुरू झाला. अव्वांना वाकायची मनाई, आईचे हात कापरे. म्हणून एकीने धरायचं आणि दुसरीने बांधायचं असं ठरलं. अव्वा खुर्चीत ताठ बसून तांबडीला मांडीवर धरत, आई समोर पाटावर. पाणी, कापूस द्यायला मुलगा. मी सुट्टीच्या दिवशी नुसता बघ्या.

कोंबडी धरायचीही एक रीत आहे, ती मला अव्वांकडून कळली. मऊ टॉवेलात दोन्ही पंख अंगालगत गुंडाळायचे, पाय तेवढा बाहेर ठेवायचा. डोक्यावर कपडा हलका टाकला की ती शांत होते. पण छाती दाबायची नाही. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड खाली-वर करूनच ते श्वास घेतात. मायेने घट्ट कवटाळलेली कोंबडी गुदमरू शकते. पकडायची असेल तर दिवसा मागे धावण्यापेक्षा अंधार पडल्यावर उचलावी. रात्री ती जागची हलत नाही, आणि दुखऱ्या पायाने तिची पळापळ होत नाही.

मग धुणं. एक लिटर पाणी उकळून कोमट करायचं, त्यात साधारण 9 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे दीड-दोन सपाट चमचे. त्या पाण्याने जखम धुवायची. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून, फिक्या चहाच्या रंगाचं करून लावायचं. आमच्या तांबडीचं मेलेलं बोट कोरडं ठेवायचं होतं, म्हणून पाय भिजत ठेवायचा नव्हता. नुसतं धुवून लगेच टिपून घ्यायचं. नंतर जखमेवर गॉज, बोटांच्या मधे गॉजच्या घड्या आणि वर सैलसर पट्टी. पट्टी बांधून झाली की अर्ध्या तासाने बोटांची टोकं चाचपायची. थंड लागली किंवा फुगली तर पट्टी घट्ट झाली, सोडून पुन्हा बांधायची. आईने पहिले दोन दिवस हे अर्ध्या तासाचं काम दर दहा मिनिटांनी केलं. घट्ट चिंधीचं भूत तिच्या मानेवरून उतरत नव्हतं.

तांबडीला इतर कोंबड्यांत सोडायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमच्याकडे ती एकटीच, पण शेजारच्यांच्या पाच-सहा परसात येतात. कोंबड्या लाल रंगाला टोचतात. एकीच्या पायावर रक्त दिसलं की बाकीच्या तिथेच चोच मारतात. म्हणून तिला डालग्याखाली ठेवलं. खाली मऊ काड आणि त्यावर जुना टॉवेल, तो रोज बदलायचा. दाणा-पाणी चोच पोचेल इतकं जवळ. दुखणाईत कोंबडी उठायचा कंटाळा करते आणि अन्न समोर असून उपाशी राहते. जोंधळा, कण्या आणि रोज मूठभर शेवग्याचा पाला. रात्री दांडीवर चढू द्यायचं नाही. कोंबडी दांडीवर बसून पाय दुमडते तेव्हा शिरा ताणून तिची बोटं आपोआप मिटतात. निरोगी कोंबडीला हे वरदान आहे, पण कच्च्या जखमेला त्याचा जाच होतो. माशांसाठी डालग्यावर मच्छरदाणीचा तुकडा. उघड्या जखमेवर माशी बसली की एक-दोन दिवसांत अळ्या पडतात, आणि मग धाग्यापेक्षा मोठं संकट उभं राहतं. सगळं झालं की ज्याने त्याने साबणाने हात धुवायचे. कोंबडीच्या अंगावरून पोटाचे विकार माणसांत येऊ शकतात, आणि आमच्याकडे डोळ्याचं ऑपरेशन झालेलं माणूस होतं.

चुना, तंबाखू, रॉकेल, बिडीची राख असले उपाय सुचवणारे पुष्कळजण आले. त्यातलं काहीही लावू नये. हळदीला मी नाव ठेवत नाही. पण आधी जखम धुवून नीट पाहायची आणि मगच काय ते लावायचं. न पाहता लावलेला लेप म्हणजे न ऐकता दिलेलं उत्तर.

या निमित्ताने कोंबडीच्या लंगडण्याची जी माहिती मिळाली, ती इथे सांगून ठेवतो. कोंबड्या पाळणाऱ्या घरांना उपयोग होईल. कोंबडी लंगडते तेव्हा सगळीकडे कारण एकच नसतं. सर्वांत आधी तळवा उलटा करून पाहावा. तळव्याच्या गादीवर काळी खपली आणि आजूबाजूला सूज असेल तर ती पायाची गाठ. बारीक जखमेतून जंतू आत शिरतात आणि आत घट्ट पू धरतो. उंचावरून कठीण फरशीवर उड्या, खडबडीत दांडी, सतत ओली जमीन यांनी ती होते. गिरिराजसारख्या वजनाने भारी कोंबड्यांना जास्त. सुरुवातीची असेल तर रोज दहा-पंधरा मिनिटं कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून, पुसून, आयोडीन लावून, मऊ जागेत ठेवून ती बसू शकते. जुनी आणि खोल असेल तर घरी ब्लेड चालवण्याचं धाडस करू नये, डॉक्टरांकडेच न्यावी. दांडी दीड-दोन फुटांपेक्षा उंच नको, तिच्या कडा गोल केलेल्या असाव्यात आणि खालचं काड कोरडं असावं. एवढ्याने निम्मी दुखणी टळतात.

दुसरं, बोटांच्या बेचक्यात आणि मुळाशी पाहावं. धागा, लांब केस, पतंगाचा मांजा, नायलॉनची दोरी यांपैकी काहीही तिथे सापडतं.

तिसरं, पायाला जखमच नाही आणि तरी कोंबडी पडून आहे, एक पाय पुढे आणि एक मागे पसरलाय, किंवा मान वाकडी होतेय, तर ते पायाचं दुखणं नव्हे. तो मारेक किंवा मानमोडी, म्हणजे राणीखेतसारखा रोग असू शकतो. त्याला पट्टी चालत नाही. वेळेवर लस हाच उपाय आणि आजारी पक्षी ताबडतोब वेगळा करणं. आणि एकाच वेळी पुष्कळ कोंबड्या पटापट मरू लागल्या तर लपवू नये, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा त्याची धास्ती आपल्या भागातल्या घराघरांतही पोचली होती, हे अनेकांना आठवत असेल.

पण मूळ प्रश्न राहिलाच. तांबडीच्या पायात धागा आला कुठून? आम्ही वडगावात राहतो. शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा भाग. मागांचा खटखटाट आमच्या कानांना इतका सवयीचा की तो थांबला तरच जाग येते. मागाखालचा तुटका धागा झाडून गल्लीच्या कडेला टाकला जातो. त्यात दाणा शोधायला कोंबड्या पाय खरवडतात. खरवडण्याची कोंबडीची रीतच अशी, की धागा एकदा बोटात आला की प्रत्येक पावलाबरोबर एक वेढा वाढतो. ज्या धाग्यावर आमची गल्ली जगते, तोच तिच्या पायात फास झाला. यात दोष कुणाचा म्हणायचा? मुलाने गल्लीतल्या दोन-तीन माग असलेल्या घरी जाऊन तांबडीचा पाय दाखवला. कुणी वाईट वाटून घेतलं नाही. एका घरच्या अक्कांनी दुसऱ्याच दिवशी मागाशेजारी एक रिकामं पोतं टांगलं. आता तुटका धागा त्यात जातो.

तांबडीचं काळं टोक सोळाव्या दिवशी पट्टीबरोबर गळून आलं. रक्ताचा थेंबही नाही. खाली गुलाबी, भरून आलेली त्वचा. आईने ते कागदात गुंडाळलं आणि परसात पुरलं. त्या दिवशी ती जेवताना फार बोलली नाही. मी म्हटलं, "अगं, चालतेय ना ती. कोंबडीला पुढे तीन बोटं असतात, मागे एक. एखादं अर्धं गेलं तरी तिचं अडत नाही."

आई म्हणाली, "तिचं अडत नाही रे. पण ते माझ्यामुळे गेलं."

पत्नीने हे अव्वांना सांगितलं. अव्वांनी ऐकून घेतलं आणि आईच्या पानात भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. म्हणाल्या, "नंदू तप्पैती." माझीही चूक आहे. भाषांतर करायला पत्नीने तोंड उघडलं, पण आईने हातानेच तिला थांबवलं. तिला कळलं होतं.

मी विचार करतो, चूक नेमकी कुठे झाली? दार शब्दात नव्हे. असे शब्द आपल्या दोन भाषांत शेकड्यांनी आहेत. मराठीतला कोळी जाळं विणतो, कन्नडमधली कोळी अंडं देते. आपली ताई म्हणजे बहीण, त्यांची तायी म्हणजे आई. अक्का, अण्णा, अप्पा तर आपण कधीच वाटून घेतलेत. अशा घोटाळ्यांवर आपण सीमाभागातली माणसं दिवसातून चारदा हसतो आणि पुढे जातो. चूक झाली ती पुढे. शब्द ऐकल्यावर आईने पाय पाहिला नाही. पाठ फिरलेली पाहिल्यावर अव्वांनी कारण विचारलं नाही. आणि आम्ही फोनवर 'बरं आहे' ऐकल्यावर आवाज ऐकला नाही. त्या तीन दिवसांत एकदा जरी कुणी बोट दाखवून "हे काय?" असं विचारलं असतं, तर त्याला कुठलीच भाषा लागली नसती.

ड्रेसिंगच्या त्या दिवसांत मात्र दोघींची शब्दसंपत्ती वाढली. पाय धरायचा तेव्हा आई म्हणायची, "हिडीरी." सोडायचा तेव्हा, "बिडरी." अव्वा म्हणायच्या, "हळू, हळू." आणि पट्टी झाली की दोघी एकदम, "साकु." आमच्या कॉलेजात भाषेच्या तासाला इतकी चांगली हजेरी कधी नसते.

तांबडी आता थोडी लंगडत चालते. पाहणाऱ्याला तिची ती ऐट वाटते. महिन्याभराने तिने पुन्हा अंडं घातलं. औषधाचे दिवस केव्हाच उलटले होते. ते पहिलं अंडं कुणी खायचं यावर दोन विहिणींत बराच आग्रह झाला, शेवटी ते चिरंजीवांच्या पोटात गेलं.

अव्वांची भरलेली पिशवी त्याच सोमवारी रात्री रिकामी झाली होती. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं आहे, तेही इथेच करायचं ठरलंय.

परसाचं दार अजून दुरुस्त झालेलं नाही. सुताराला दोनदा सांगून झालं. अजूनही ते आपटल्याशिवाय बसत नाही. पण आता रोज रात्री ते लावायच्या आधी आई आधी वाकून तांबडी कुठे आहे ते पाहते. मग मागच्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने सांगते, "बागला हाकतेनरी!"

आणि आतून अव्वांचं उत्तर येतं, "लावा, लावा."